हळदीची क्रीम आणि कोरा नॅपकिन

सांगलीत राहून हळदीत फसले, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. नवऱ्याची मार्केट यार्डात हळदीची अडत. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आमच्याकडे पोत्याला कुणी हात लावत नाही. आणि मी मात्र डबी उलटीसुद्धा न करता तीस ग्रॅमला साडेबाराशे रुपये मोजून मोकळी झाले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. धाकट्याच्या वेळेपासून माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे. गल्लीतल्याच पार्लरवाल्या ताई वाण देता देता जवळ आल्या. "वहिनी, आपल्या सांगलीच्या हळदीची क्रीम आहे बघा, जीआय मिळालेली. केमिकलचा थेंब नाही. पंधरा दिवसांत वांग गेला नाही तर पैसे परत, लावा की बिनधास्त." सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं हे खरंच. पण ते हळदीला मिळालं, त्या डबीला नाही. हे तेव्हा सुचलं असतं तर!

दहाव्या दिवशी वांग फिकट. चेहरा असा तुकतुकीत की भिशीतल्या बायका विचारायला लागल्या. मी स्वतः तीन गिऱ्हाइकं मिळवून दिली त्यांना, त्यात माझी नणंद एक. सासूबाईंनी तेवढं एकदा टोकलं होतं, "हळदीची म्हणतेस, अन् तोंड पुसलेला नॅपकिन पांढराच कसा गं?" ताईंचं उत्तर तयार होतं: पांढरी केलेली हळद असते ती.

डबी संपत आली म्हणून चार दिवस लावायचं राहिलं. चौथ्या दिवशी साध्या पाण्यानेही तोंड चरचरायला लागलं. मग बारीक पुटकुळ्या, गालावर लव, नाकाच्या कडेला केसासारख्या लाल शिरा, आणि वांग होता त्याहून गडद. परत क्रीम लावली की दोन तासांत शांत. खरा फास हाच.

मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी भिंगातून बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "काय लावत होता?" यात स्टेरॉइड असणार, म्हणाल्या. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, चेहरा उजळ दिसतो. बंद केलं की त्या पुन्हा फुलतात, म्हणून ती लाली आणि आग. शिवाय त्वचा पातळ होते. 2018 सालीच सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलंय, आणि मला ती वाणाबरोबर मिळाली! काही गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो, त्याने मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून लघवीची तपासणीही करायला लावली. ती सुदैवाने ठीक आली.

मग त्यांनी माझीच डबी माझ्याकडून वाचून घेतली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. माझ्या डबीवर आधी पाणी, मग ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड, पुढे फिनॉक्सिइथेनॉल, सुगंध आणि सगळ्यात शेवटी हळदीचा अर्क. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि जास्तीत जास्त एक टक्काच घालता येतं. म्हणजे त्याच्या मागे उभी असलेली हळद किती असेल, हिशोब करा. पांढरी हळद ही मात्र थाप नव्हती. टेट्राहायड्रोकर्क्युमिन नावाचा रंगहीन घटक असतो, पण मग ते नाव डबीवर हवं होतं. आणि स्टेरॉइड? जे लपवायचं ते कोण छापतं? म्हणून नुसते घटक वाचून भागत नाही. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर बघायचा. माझ्या डबीवर यातलं काहीच नव्हतं, होता तो एक मोबाईल नंबर आणि "हर्बल".

वांगासाठी अझेलिक अ‍ॅसिड, कोजिक अ‍ॅसिड, नायसिनामाइड वापरतात, पण फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, आणि सनस्क्रीन नसेल तर सगळं पाण्यात. वांगाला आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन जास्त बरं, कारण नुसत्या उजेडानेही तो गडद होतो. "आठवड्यात वांग घालवणारं काही निघालं," बाई हसत म्हणाल्या, "तर आधी मीच लावेन की."

पैसे मागायला गेले तर, "तुमची स्किनच सेन्सिटिव्ह, वहिनी." बिल नव्हतं. फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद तेवढी होती. तळाशी राहिलेल्या क्रीमसह डबी आणि ती नोंद घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवलीय. नणंदेचे उपचार अजून चालू आहेत. ती माझ्याशी बोलते, पण मोजकंच.

परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ खाताना शेजारणीच्या पिशवीत तीच डबी दिसली. झाकण तेच, मोबाईल नंबर तोच. आता वर केशराचं चित्र आहे.