२५५/८०आर१७ : थोराड पिकअपला किडमिडीत टायर

नवे टायर घालून गाडी दारात उभी केली, तर ही उंबऱ्यातूनच म्हणाली, "अहो, पैलवानाच्या पायात कुणाच्या चपला अडकवल्यात?"

खोटं नव्हतं ते. फुल-साइज पिकअप, रिकामी असतानाच सव्वादोन टनांच्या वरचं धूड, आणि खाली हे २५५/८०आर१७, म्हणजे २५५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के उंच आणि १७ इंची रिमवर बसणारे टायर. आधीचे २८५/७०आर१७ होते. म्हणजे रुंदी तीन सेंटीमीटरने घटली आणि उंची उलट नऊ मिलिमीटरने वाढली, ८३१ ची ८४० झाली. दोन्ही मापांना लोक 'तेहेतिसाचे', म्हणजे साधारण तेहेतीस इंच उंचीचे टायर म्हणतात, पण मागून पाहिलं की नव्या टायरांवर गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी वाटते. दिसण्यासाठी टायर घेणाऱ्यांनी इथेच थांबावं, त्यांच्या कामाचं पुढे काही नाही.

माझा धंदा कुंपणं घालण्याचा. खांब, तारेची बंडलं, खड्डे पाडायचं मशीन, कधी मागे ट्रेलर. थोडा डांबरी रस्ता, थोडा खडीचा, आणि शेवटी कुणाच्या तरी शेताची ओली कड. रुंद टायरांनी मला तीन गोष्टींनी वैताग आणला. चाकोरी पडलेल्या रस्त्यावर गाडी स्वतःच्या मनाने चाकोरीत शिरायची. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायचा, खर्रर्र. आणि पावसात रस्त्यावर पाणी साचलं असलं की हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं पडायचं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण मागे ट्रेलर असताना ते पोटात गोळा आणतं. पहिल्या दोन तक्रारी बारीक टायर घातल्याच्या दिवशीच गेल्या, तिसरी पुढच्या पावसात. अरुंद टायरला समोरचं कमी पाणी बाजूला सारावं लागतं, एवढंच त्याचं गणित.

"रबर कमी म्हणजे पकड कमी" असं जो तो सांगतो. चाकावर ७०० किलो भार आणि आत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल, तर जमिनीवर उमटणारा ठसा साधारण २५० चौरस सेंटीमीटरचा असतो, मग टायर रुंद असो की अरुंद. बदलतो तो ठशाचा आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंदाचा उभा आणि लांबट. म्हणून कोरड्या डांबरावर वेगात वळताना रुंद टायर सरस, हे मी मान्य करतो. माझी गाडी आता वळणात किंचित जास्त कलते, बाजूची भिंत उंच असल्याचा तो परिणाम. पण खांब भरलेली गाडी घेऊन वळणावर कुणाशी शर्यत लावायची आहे?

वजनाचीही धास्ती नको. दोन्ही टायरांच्या भिंतीवर १२१/११८ हाच भाराचा आकडा होता, दुसरा जोडचाकांसाठीचा, माझ्या कामाचा पहिला. १२१ म्हणजे एका टायरला १४५० किलो, मात्र ८० पीएसआय हवा भरल्यावर. शिवाय काट्यावर ठेवला तर नवा टायर जुन्यापेक्षा तीन किलो हलका भरला. चार चाकांचे बारा किलो सुटले, आणि गाडी सिग्नलवरून निघताना ते जाणवतं. डिझेलमध्ये बचत झाली ती चिल्लर, तिच्यासाठी टायर बदलू नका.

घोळ झाला तो हवेचा. टायर बसवणाऱ्याने दाराच्या चौकटीवरचा कागद वाचला आणि चारी चाकांत ३५ भरून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी माल भरून निघालो तर गाडीचं मागचं अंग दारू प्यायल्यासारखं डुलायला लागलं. डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा गप्प, कारण त्यालाही तो चौकटीवरचाच आकडा ठाऊक. तो आकडा कंपनीतून आलेल्या पॅसेंजर जातीच्या टायरांसाठी असतो. हे एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे टायर. तेवढाच भार पेलायला यांना जास्त हवा लागते. टायर कंपन्यांचा भार आणि हवेचा तक्ता असतो, त्यात आपल्या गाडीच्या खऱ्या भारासमोरची हवा शोधायची आणि रस्त्यावर त्याखाली कधीही जायचं नाही.

तक्त्याच्या वर नेमकं किती, ते मी खडूने ठरवलं. सपाट जागी टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची, गाडी सरळ पन्नासेक पावलं न्यायची आणि उतरून बघायचं. पहिल्यांदा माझी मधली रेघ साफ पुसलेली आणि दोन्ही कडांना दोन-दोन बोटं खडू तसाच. म्हणजे हवा जास्त. दोन पीएसआय सोडली, पुन्हा रेघ, पुन्हा पन्नास पावलं. चौथ्या खेपेला रेघ सगळीकडून सारखी पुसट झाली. रिकाम्या गाडीला पुढे ४२, मागे ४०, आणि माल असला की मागे ५५ यावर मी स्थिरावलो. हे माझ्या गाडीचे आकडे आहेत, उचलून आपल्या गाडीला लावू नका.

आता चिखल. मेहुण्याची गाडी माझ्याच मॉडेलची, पण रुंद रिमवर ३१५/७०आर१७. पाऊस झालेल्या शेतात दोघं उतरलो. वर चार बोटं चिखलाचा गारा आणि खाली घट्ट जमीन होती तिथे माझे टायर सुरीसारखे गारा कापून खाली टेकले आणि गाडी निघाली. तो मात्र वरच्यावर घसरत राहिला. मी चढून गेलो नि त्याला उपदेश केला. अर्ध्या तासाने ओढ्याकाठच्या भुसभुशीत जागेत शिरलो. तिथे खाली घट्ट असं काही नव्हतंच. माझी चाकं कापत कापत थेट अॅक्सलपर्यंत गेली, तो वरून तरंगत आला आणि पट्टा लावून मला ओढून काढलं. "दाजी, उपदेश जरा पुन्हा सांगता का?" निम्म्या चुकीचा धनी मीच, कारण हवा कमी न करता शिरलो होतो. २० पीएसआयवर ठसा बराच लांब होतो आणि बारीक टायरही चांगला भार पसरतो. पण तळ नसलेल्या चिखलात रुंदच हवा, यावर माझा वाद नाही.

घेण्याआधी रिम मोजा. या मापाला साडेसहा ते साडेआठ इंची रिम चालते. माझी साडेसातची मूळची आहे, टायर तिच्यावर उभा भिंतीसारखा बसला. नऊ इंची फॅशनेबल रिमवर याला ताणून बसवू नये. आणि मूळचे टायर २६५/७०आर१७ असतील तर वेगाचा काटा फसवेल: तो १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४-१०५ ने पळत असते. काटा नीट करून घेतला नाही तर दंड भरताना टायरला दोष देऊ नका.

हे खूळ नवं नाही. अमेरिकेतल्या पाऊण आणि एक टनी पिकअप वर्षानुवर्षं २३५/८५आर१६ वर राबल्या. मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांना तर अरुंदच लागतात, नाहीतर दोन टायर एकमेकांना घासतील. रुंदीचं वेड नंतरचं.

बावीस हजार किलोमीटरनंतर बारा मिलिमीटर खोल नक्षीतली नऊ उरली आहे, चारी टायर सारखे झिजलेत. खरी अडचण एकच: या मापात निवड फार थोडी, दोन-चार नक्ष्या, आणि दुकानात सहसा तयार नसतात, मागवावे लागतात. एखाद्या टायरला खिळा घुसून भिंत फाटली तर आठवडाभर गाडी उभी. म्हणून मी पाचवा त्याच दिवशी घेतला. २८५ चा स्टेपनी हौद्याखाली कोंबावा लागायचा, हा निमूट वर गेला.