दांडिया बाजारातला प्राणिसमूहांच्या गणिताचा वर्ग: शिकवणं उत्तम, एक्सेल शीट मात्र तपासून घ्या

बडोद्यात हा विषय मराठीतून शिकायला मिळणं हीच मोठी गोष्ट, आणि शिकवणंही पक्कं आहे. हॅमिल्टनचा १९६४चा नियम (नातेवाइकाला मदत करणं कधी फायद्याचं ठरतं, ते सांगणारा) झटपट आटोपून खरा वेळ ‘सवलत मॉडेल’ला दिला जातो: कनिष्ठ मादीने गटात राहावं म्हणून वरिष्ठ मादी तिला पिलांमध्ये किमान किती वाटा सोडते?

वाटा = (ए − न × (ग − १)) ÷ (ग × (१ − न)). वरिष्ठ मादीचं एकटीचं यश, म्हणजे पिलं वाढवण्यातलं, १ धरायचं. ए म्हणजे कनिष्ठ मादीचं एकटीचं, ग म्हणजे दोघींचं मिळून, न म्हणजे दोघींचं नातं किती जवळचं (परकी असेल तर ०). ए ०.६ आणि ग १.८ घेतलं तर परक्या मादीला ३३ टक्के सोडावे लागतात, सख्ख्या बहिणीला (न ०.५) २२च.

गडबड हे गणित करणाऱ्या वर्गाच्या एक्सेल शीटमध्ये आहे. ग १.४ टाकला की परकीचा वाटा ४३ आणि बहिणीचा ५७ टक्के येतो, तरी आलेख बिनतक्रार निघतो. ग हा १ + ए पेक्षा कमी असला तर दोघींनी एकत्र राहणंच परवडत नाही. तिथे इशारा हवाच. उणे उत्तर आल्यास शून्य धरण्याची अटही नाही. गांधीलमाशांच्या बहिणींसाठी न सरसकट ०.७५ भरलाय. राणीचं मीलन अनेक नरांशी झालं, की तो घसरतो. आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीत तसंच होतं.

रस्सीखेच मॉडेल (यात दोघी आपापला वाटा ओढून घ्यायला झटतात) शेवटी घाईत उरकतात, याचं वाईट वाटतं. वरिष्ठ मादीचा पूर्ण ताबा नसतो तिथे तेच लागतं. लॅपटॉप स्वतःचा न्या.