लिलावात पहिली बोली कशावर: शिवराई की गांधी तिकीट?

भाचीला संग्रह सुरू करायचा आहे. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, घ्यावी की 1948 चं दहा रुपयांचं गांधीजींचं टपाल तिकीट, यात ती अडकली आहे. लिलाववाले दोन्हींना ‘दुर्मिळ’ म्हणतात, ते बाजूला ठेवू.

खर्च: साधी, झिजलेली शिवराई सामान्य माणसाला परवडते. तिकिटाला बरेच जास्त पैसे लागतात. मागचा मूळ गोंद शाबूत असेल तर भाव आणखी चढतो. दोन्हीकडे हातोडा पडल्यावर लिलावगृहाचं कमिशन आणि जीएसटी वेगळा, म्हणून बोलीची मर्यादा ते धरूनच ठरवावी.

नकली माल: नकला दोन्हींच्या आहेत. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाच्या तर इतक्या, की नवख्याने त्या वाटेला जाऊच नये. साध्या शिवराईत धोका कमी. भिंग घेऊन ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ ही अक्षरं नीट बघावीत. महागडं तिकीट तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊच नये.

जपणूक: इथे तिकीट फार नाजूक. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात गोंद चिकटतो, कागदावर तांबूस डाग पडतात. तांबं टिकतं, पण चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नये.

परदेशी राहणाऱ्यांनी मात्र तिकीटच घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत. इथेच राहून, थोड्या पैशात, हाताळत शिकायचं असेल तर शिवराई. भाचीला मी तीच सुचवली.