आठ महिन्यांनंतर : ब्रीडर चांगली, रंग चुकीचा

काळ्या लॅबला (लॅब्रॅडॉर कुत्र्याला) घरी आणून आठ महिने झाले. एवढ्यात लिहिणार नव्हतो, पण मागच्या महिन्यात तो पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला आणि ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्या बाईंची, खरी परीक्षा तेव्हा झाली.

आधी तक्रार. मला पिवळं पिल्लू हवं होतं. पाच आठवड्यांचं असताना बघून आलो, घरी सगळ्यांना फोटो दाखवले. पुढे ब्रीडरबाईंचा निरोप : ‘तुमच्याकडे काळा येईल.’ पैसे मी मोजणार आणि पिल्लू त्या निवडणार! कारण काय, तर पिवळा महाउपद्व्यापी, त्याला दिवसभर कामाला लावणारं घर हवं, आणि मी फॉर्मवर ‘दिवसातून दोनदा फिरवू’ असं लिहिलेलं. खरं लिहिल्याची शिक्षा. तो फॉर्म तरी केवढा! दिवसा घरी कोण असतं, आधीचा कुत्रा कशाने गेला... कर्ज घेतानाही मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. वर करारात कलम : सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परस्पर कुणाला द्यायचा नाही, त्यांच्याकडेच परत. मला तेव्हा हे सगळे नखरे वाटले.

त्याआधी एकीकडे बऱ्याच स्वस्तात सहा आठवड्यांचं पिल्लू मिळत होतं. आई कुठंय विचारलं, तर ‘दुसऱ्या जागी’. वंशावळीचा कागद मात्र लगेच पुढे. त्यावरून आईबाप कोण ते कळतं, त्यांचे खुबे कसे आहेत ते नाही. ही अक्कल नंतरची. तिथून मी निघालो तो वास सहन होईना म्हणून.

इथे आई पिल्लांपाशीच होती. बाप दुसऱ्यांचा, फक्त फोटोत. (मला संशय आला होता, पण नर बाहेरचा असणं नेहमीचंच.) फाईलमध्ये दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे गुण होते. ब्रिटिश पद्धतीत ० उत्तम, १०६ सर्वांत वाईट. आईचे ८, बापाचे ११. डोळ्यांची तपासणी आणि जनुक चाचण्याही होत्या. त्यांत ईआयसीसाठी (जोरात पळाल्यावर कुत्रा कोसळतो तो आनुवंशिक आजार) बाप ‘वाहक’, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारा, दिसला आणि मला भांडायला मुद्दा मिळाला. बाईंनी शांतपणे समजावलं, आई निर्दोष असेल तर पिल्लं फार तर वाहक होतात, आजारी पडत नाहीत.

तर लंगडणं. रात्री साडेदहाला मेसेज टाकला, पाच मिनिटांत फोन. ‘वजन किती? पाय बदलतो का?’ बदलला; आठवड्याने मागचा उजवा. डॉक्टरांनी एक्स-रे काढून पॅनोस्टायटिस सांगितलं. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांची हाडं दुखतात, वय वाढलं की थांबतं. वेदनाशामक गोळ्या आणि विश्रांती. बाईंनी रिपोर्ट मागवून घेतला, सगळ्या भावंडांच्या नोंदी त्या ठेवतात. चार तारे देणार होतो, ते मनातल्या मनात पाच केले.

पण डॉक्टरांनी विचारलं, ‘आईबापांच्या कोपरांचं काय?’ फाईल काढली. आईचा कागद होता, ग्रेड ०, म्हणजे निर्दोष. बापाचा कागदच नाही! लॅब्रॅडॉरमध्ये कोपरंही खुब्यांइतकीच बघावी लागतात. बाई सरळ म्हणाल्या, ‘त्याच्या मालकाने केलं नव्हतं, मी आग्रह धरला नाही. चुकलं माझं.’ आता यावर भांडणार तरी काय? दोन तास ती फाईल माझ्याच मांडीवर होती आणि मी रंगावरून हुज्जत घालत बसलो होतो.

साडेचार तारे. अर्धा कोपरांसाठी कापला. रंगासाठीही कापायला हवा खरं तर, आमच्या सगळ्या चादरी पांढऱ्या आहेत.