तीन सर्व्हरचा सेफ (Ceph) स्टोरेज क्लस्टर, ९ महिन्यांनंतर: १४४ टीबी घेतले, ३० वापरतोय

आमचं काम व्हिडिओ एडिटिंगचं, पाच एडिटर, आणि आधी सगळं फुटेज एकाच नासवर (नेटवर्कवरून सगळ्यांना फायली देणारा डिस्कांचा डबा). त्यात रेड ६ होतं म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी चाललं असतं, पण गेला तो मदरबोर्ड. डिस्क ठणठणीत, डेटा शाबूत, आणि पार्ट येईपर्यंत आठवडाभर पाचही जण हातावर हात ठेवून. तेव्हाच ठरवलं की अख्खं मशीन मेलं तरी काम अडता कामा नये.

अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच स्टोरेज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरांत ग्लस्टर सोपं वाटत होतं, पण रेड हॅट कंपनीने त्यावरचं आपलं प्रॉडक्ट २०२४ च्या शेवटी बंद केलं, मग नवीन सेटअप त्यावर करायला मन धजेना. म्हणून त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, सेफ. तीन सर्व्हर, प्रत्येकात १२ टीबीच्या चार हार्ड डिस्क, ६४ जीबी रॅम, १० गिगाबिट नेटवर्क, वर सेफएफएस (सेफची फाइल सिस्टिम) आणि एडिटरांसाठी सांबा (तेच फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दाखवणारं). रॅम उगाच नाही घेतली, प्रत्येक डिस्कमागे एक ओएसडी (ती डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) चालतो आणि तो डीफॉल्टला ४ जीबी धरतो, शिवाय मॉनिटर (क्लस्टरमध्ये कोण चालू, कोण बंद हे ठरवणारे प्रोग्राम) आणि एमडीएस (फायलींची नावं आणि फोल्डर सांभाळणारा) वेगळेच. मॉनिटर तीन, कारण निर्णयाला बहुमत लागतं, दोनच ठेवले तर एक गेला की दुसराही गप्प. डिस्क घेताना एसएमआरवाल्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) घेऊ नका, रिकव्हरीच्या वेळी रडवतात.

इन्स्टॉल अर्ध्या दिवसात झालं, पण पुढचे दोन दिवस ओएसडी दर काही मिनिटांनी डाऊन, मग अप, परत डाऊन. पिंग जातंय, मॉनिटर एकमेकांना दिसताहेत, मग अडतंय कुठे? शेवटी स्विचच्या एका पोर्टवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १५०० बाइट राहिलेला सापडला, बाकी सगळीकडे ९०००. छोटी पाकिटं जायची, मोठी गुपचूप गायब व्हायची. तुम्ही जंबो फ्रेम (ही ९००० ची मोठी पाकिटं) लावणार असाल तर आधी ८९७२ बाइटचं पिंग फ्रॅगमेंट न करता मारून बघा, माझे दोन दिवस गेले तसे तुमचे जायला नकोत. आणि स्विच दोन घ्या. तीन सर्व्हर एकाच स्विचला लावून "फॉल्ट टॉलरंट" म्हणायचं म्हणजे गंमतच, मी पहिले तीन महिने तेच करत होतो.

स्पीडची तक्रार नाही. २९.९७ फ्रेमचं १०८० प्रोरेस ४२२ एचक्यू फुटेज सेकंदाला साधारण २२० मेगाबिट खातं, पाच जण प्रत्येकी दोन-तीन स्ट्रीम लावून बसले तरी निवांत चालतं. रडगाणं बारीक फायलींचं, थंबनेल, वेव्हफॉर्म, प्रीव्ह्यू कॅश असल्या हजारो फायलींचा फोल्डर उघडताना जाणवतंच, तो कॅश आम्ही सरळ ज्याच्या त्याच्या मशीनच्या एसएसडीवर हलवला. एकदा मुद्दाम कामाच्या वेळेत ॲक्टिव्ह एमडीएसवाल्या सर्व्हरची वायर उपटली (एडिटरांना न सांगता, शिव्या खाल्ल्या), वीसेक सेकंद सगळं गोठलं, मग स्टँडबाय एमडीएसने सूत्रं घेतली आणि प्लेबॅक पुढे सुरू. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

आता खरा किस्सा. सहाव्या महिन्यात एका सर्व्हरला अपडेट करायचे होते म्हणून नोआऊट फ्लॅग लावला. एरवी ओएसडी डाऊन होऊन १० मिनिटं झाली की सेफ त्याला बाद धरून कॉपी दुसरीकडे बनवायला घेतो, हा फ्लॅग असला की थांबतो. अपडेट झालं आणि फ्लॅग काढायचा मी विसरलो. डॅशबोर्ड पिवळा दिसायचा, पण पिवळ्याची इतकी सवय झालेली की तिकडे बघतच नव्हतो. त्यातच एक डिस्क मेली आणि क्लस्टर चार दिवस तसाच लंगडत बसला, मी फ्लॅग लावून सांगितलं होतं तसाच!

लक्षात आल्यावर फ्लॅग काढला, रिकव्हरी सुरू झाली, आणि थोड्या वेळाने बॅकफिल टूफुल, म्हणजे नवीन कॉपी टाकायला डिस्कवर पुरेशी जागा नाही. इथे मला उशिरा अक्कल आली. तीन कॉपी, तीन सर्व्हर, प्रत्येक सर्व्हरवर एकच कॉपी हा नियम, म्हणजे मेलेल्या डिस्कचा माल त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर जाणार, दुसरीकडे जायला जागाच नाही. आम्ही ७० टक्के भरलेलो, चारचा माल तिघांत टाकला की ९३ टक्के, आणि सेफ ९० लाच बॅकफिल थांबवतो. बाकी दोन कॉपी होत्या म्हणून फायली चालू होत्या, पण त्यात दुसऱ्या सर्व्हरची एखादी डिस्क गेली असती तर काही डेटाची एकच कॉपी उरली असती, आणि मिनसाइझ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान कॉपी) २ असल्यामुळे तेवढ्या भागाचं रीड-राइट बंद. जुन्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या) फायली धडाधड उडवल्या, जागा झाली, मग जवळपास एक अख्खा दिवस रिकव्हरी चालली.

तेव्हापासून हिशोब असा: १४४ टीबी कच्चे, तीन कॉपी म्हणून ४८, आणि एक डिस्क गेली तरी ८५ टक्क्यांच्या निअरफुल इशाऱ्याखाली राहायचं म्हणून भरायचे ६३ टक्केच, म्हणजे ३० टीबी. उरलेली जागा रिकामी दिसते आणि दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की एवढी जागा आहे तर जुनं का उडवायचं? प्रत्येक सर्व्हरमध्ये चारऐवजी आठ छोट्या डिस्क घेतल्या असत्या तर हाच आकडा ७४ टक्क्यांपर्यंत गेला असता, हे मला खरेदीच्या आधी कोणी सांगायला हवं होतं.

आणि हो, हे बॅकअप नाही. एका एडिटरने चुकून अख्खा प्रोजेक्ट फोल्डर डिलीट केला तेव्हा तिन्ही कॉपी इमानदारीने उडाल्या. वाचवलं ते स्नॅपशॉटने (त्या क्षणीच्या फायलींची गोठवलेली अवस्था), सेफएफएसमध्ये डॉट स्नॅप फोल्डरात नवीन फोल्डर बनवला की झाला स्नॅपशॉट, रोज रात्री आपोआप व्हावा म्हणून क्रॉन लावलाय. वेगळा बॅकअप त्याच जुन्या नासवर जातो, नवीन मदरबोर्ड टाकून.

एकटा माणूस असाल आणि एक दिवस बंद पडलेलं परवडत असेल तर एक नास आणि एक स्पेअर नास घ्या, कमी ताप. आम्ही आता चौथा सर्व्हर मागवलाय. आणि नोआऊट दोन तासांच्या वर राहिला की माझ्या फोनवर मेसेज येतो, गेल्या महिन्यात दोनदा आला.