लेन्स पडली तर: यूव्ही फिल्टर नापास, साधा हूड पास

नवी लेन्स घेतली की दुकानदार यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसणारी पातळ पारदर्शक काच) पुढे करतोच. धूळ, बोटांचे ठसे, समुद्राचे तुषार यांच्यासाठी तो चांगलाच. पण लेन्स पडली तर वाचेल म्हणून घेत असाल, तर पैसे हूडवर, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवती बसणाऱ्या नळकांड्यासारख्या कड्यावर घाला.

फिल्टरची काच जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. लेन्सची पुढची काच तिच्या कितीतरी पट जाड. तेव्हा फिल्टर फुटला म्हणजे त्याने लेन्स वाचवलीच, असं धरून चालू नका. तेवढ्या धक्क्याला आतली काच बहुधा पुरून उरली असती. उलट फुटलेले तुकडेच तिच्यावर ओरखडे काढतात. फिल्टरच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की कधीकधी त्याचं कडं चेपतं आणि तो ज्यांवर फिरवून बसवतात ते लेन्सचे आटे बचावतात.

लेन्स तोंडावर आपटली की जमिनीला आधी हूडची कड लागते. प्लॅस्टिक वाकतं, तडकतं नाहीतर खाचेतून निसटतं, आणि दणक्याचा बराचसा जोर तिथेच जिरतो. म्हणून लेन्सच्या मापाचा साधा प्लॅस्टिकचा बायोनेट (खाचेत फिरवून अडकवायचा) हूडच घ्यावा. आट्यांवर बसणारा धातूचा हूड दिसायला दणकट, पण तो वाकत नाही. मार थेट आट्यांना बसतो. वाइड अँगल (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सचा पाकळ्यांचा हूड मात्र फारच उथळ, टोकदार दगडापुढे त्याचं काही चालत नाही. आणि उलटा चढवून ठेवलेला हूड? त्याने पुढच्या काचेचं काडीचं रक्षण होत नाही.

आडव्या पडण्यात हूडचाही इलाज चालत नाही. ताण माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या भागावर येतो; माउंट प्लॅस्टिकचा असेल तर त्याचे दात तुटतात, आतली एखादी काच किंचित सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समांतर लावा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा आणि फोटोचे चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच बाजू धूसर असेल तर लेन्स दुरुस्तीला न्यावीच लागेल.

फिल्टर फुटलाच, तर लेन्सचं तोंड खाली धरून ब्लोअरने तुकडे उडवा. कापड लावू नका, झूमही फिरवू नका. कडं अडकलं असेल तर दोन बोटांच्या चिमटीत आवळू नका. ते लंबगोल होऊन आणखी घट्ट बसतं. भोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि सगळ्या बाजूंनी हलकी पकड ठेवून फिरवा.