महिलांचे निवासी व्यसनमुक्ती केंद्र: ठोक अनुदान की खाटेमागे रोजचा दर?

केंद्राला पैसे देणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेला भरलेल्या खाटेमागे रोजचा दर आवडतो, कारण रिकाम्या खाटेचे पैसे द्यावे लागत नाहीत. पण केंद्राचा खर्च खाटा मोजून होत नाही. बारापैकी सातच खाटा भरल्या, तरी रात्रपाळीची परिचारिका, महिला काळजीवाहक आणि स्वयंपाकघर चालूच राहते. मग खाट भरण्यासाठी सोप्या रुग्ण आधी घेतल्या जातात. गरोदर किंवा लहान मूल सोबत असलेली बाई प्रतीक्षायादीत राहते. अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्या गरोदर स्त्रीचा पदार्थ एकदम तोडायचा नसतो. तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (अफूजन्य पदार्थाऐवजी देखरेखीखाली दिली जाणारी औषधे) आणि प्रसूतितज्ज्ञ लागतात. सरसकट दरात हे बसत नाही. प्रसूतीसाठी ती रुग्णालयात गेली की त्या दिवसांचे बिलही नामंजूर होते, आणि परतेपर्यंत खाट दुसरीला गेलेली असते.

ठोक अनुदानात, म्हणजे खाटा कितीही भरल्या तरी ठरलेली रक्कम मिळते तेव्हा, मनुष्यबळ टिकते, दारू सोडल्यावरचे पहिले तीन-चार दिवस (झटके, भ्रम) नीट सांभाळता येतात. दोष उघड आहे: खाटा रिकाम्या राहिल्या तरी हप्ता येतो. म्हणून दरमहा खाटवापर, प्रतीक्षायादी आणि नाकारलेल्या अर्जांची कारणे मागावीत. अर्ज नाकारण्याची कारणे अनेकदा करारात मागितलेलीच नसतात, आणि खरी गोम तिथेच असते.

नव्या किंवा लहान केंद्राला ठोक अनुदानच द्यावे. रोजचा दर ठेवायचाच असेल, तर मुलासाठी वेगळा दर आणि खाट राखण्याचे दिवस करारात लिहून घ्यावेत.